बाइकला लोअरिंग लिंक टाकली, आता आरसीवर चढेल का?

ताई, तुमचं म्हणणं असं की उंची पाच फूट दोन, हिमालयन 450 बाइक घेतली, पाय टेकेनात म्हणून गॅरेजवाल्याने मागच्या मोनोशॉकला (एकेरी शॉक अॅब्सॉर्बरला) लांब लोअरिंग लिंक, म्हणजे त्याला जोडणारी पट्टी, टाकून गाडी इंचभर खाली बसवून दिली, आणि परवा नाशकात मुंबई नाक्याला हवालदाराने हटकल्यापासून झोप नाही, आता पेठ रोडला आरटीओत जाऊन नोंद करून घेऊ का.

हेलपाटा वाचवा. तुम्ही व्हिडिओत बघितलंत ते जर्मनीतलं, तिकडे टीयूव्ही या तपासणी संस्थेचे लोक गाडी तपासून असा पार्ट कागदांवर चढवून देतात. आपल्याकडे एका गाडीच्या लिंकसाठी अशी खिडकीच नाही. आरसीवर इंजिन नंबर, चेसिस नंबर, व्हीलबेस, वजन असतं, सीटची उंची नसतेच, मग चढवणार कुठे?

आता तुम्ही म्हणाल, आरसीवर नाहीच तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मोडलं कसं, ते तर आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल अशा बदलाला मनाई करतं. बरोबरे, वेळ आली तर मीही हेच मांडेन, पण त्या भरवशावर गाडी चालवू नका. सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल चालणार नाही असं सांगितलंय, आणि त्याच वर्षी कायद्यातल्या दुरुस्तीने कलम 182अ(4) आणलं त्यात रेट्रोफिटिंग (मागाहून पार्ट बसवणं) हा शब्दच आहे, एका बदलाला 5000 दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. लिंकपायी आत गेलेलं मी तरी कोणी पाहिलं नाही.

खरी भीती इन्शुरन्सची. मागून गाडी खाली आणि पुढचा फोर्क तसाच, म्हणजे रेक (फोर्कचा तिरकेपणा) वाढतो, हँडल वळायला जड होतं. उद्या कसारा घाटात पडलात आणि सर्व्हेअरने लिंक बघितली तर तुम्ही कळवलं नव्हतं म्हणून ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) क्लेम अडकवायला त्याला आयतं कारण मिळतं.

तेव्हा जुनी लिंक परत बसवा आणि बिल जपून ठेवा. प्रीलोड (मागच्या शॉकच्या स्प्रिंगचा ताण) मात्र बिनधास्त कमी करा, ते मॅन्युअलमध्येच दिलंय, त्याला कोणाची परवानगी लागत नाही, फक्त मागे कोणी बसणार असेल तेव्हा परत वाढवा. कंपनीची लो सीट मिळते ती शोरूममधून बिलासकट घ्या आणि इन्शुरन्सवाल्यांना एक मेल टाका.

साइड स्टँड कापून घेतलाय का ते तुम्ही लिहिलं नाहीत. बरेच गॅरेजवाले लिंकसोबत कापतात. कापला असेल तर तोही नवीन घ्या, नाहीतर जुन्या लिंकवर आखूड पडून गाडी डावीकडे कलंडेल.