शेक पंधरा, मुक्काम किती?

कॅन्सरच्या रुग्णांचे नातेवाईक माझ्यासमोर बसले की उपचारांच्या खर्चाबद्दल फारसं बोलत नाहीत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रं झालेली असतात, नाहीतर होणार असतात. त्यांना घोर लागलेला असतो तो मुक्कामाचा, कारण बाहेर खोली घेऊन राहण्याचा खर्च योजनेत बसत नाही. शेकासाठी, म्हणजे रेडिएशनसाठी, महिनाभर मुंबईत राहायचं तर कुठे राहायचं आणि किती पैसे लागतील, हे जवळपास प्रत्येक जण विचारतो.

परभणीकडचं एक कुटुंब आठवतं (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). काकूंचं स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं, केमोही संपली होती. डॉक्टरांनी पंधरा शेक सांगितले. मुलगा म्हणाला, "मॅडम, मामाला दीड लाख लागले होते. सावकाराकडं शब्द टाकलाय." काकू त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "गाठ तर काढली की. आता शेकबिक नको."

तो दीड लाखाचा आकडा मला आधी फोडून हवा होता. फाईलच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहायला घेतलं. लॉजची खोली दिवसाला 1,500, म्हणजे महिन्याचे 45,000. चार माणसांचं जेवण, माणशी 200 धरून 24,000. रोजच्या टॅक्सीचे 12,000. हे झाले 81,000. उरलेले कशाचे? मामांकडे बघायला येणाऱ्या पाहुण्यांची रीघ लागली होती. त्यांची तिकिटं, चहापाणी, मुंबईदर्शन, सगळं त्याच खात्यात पडलेलं.

"तुमच्याकडून किती जण राहणार?"

"मी, बाबा, आणि बहीण म्हणते मी पण येते."

पेशंटसोबत मोजकीच माणसं, असा धर्मशाळांचा नियम असतो. चौघं आले की धर्मशाळा हातची जाते, लॉज घ्यावाच लागतो आणि सगळा हिशेब बदलतो. म्हणून खोलीचं भाडं विचारण्याआधी सोबत कोण राहणार ते ठरवायला लावते. घरोघरी यावर रुसवेफुगवे होतात, पण ते गावी होऊ द्यावेत, परळच्या फुटपाथवर नकोत. इथे काकूंनीच निकाल लावला. "पोरगी राहील. हे दोघं शेत बघतील. बापयाकडून माझी ड्रेसिंगबिसिंग व्हायची नाही." तेवढं बोलून झाल्यावर शेक नको हे त्यांनी पुन्हा काढलं नाही. त्यांची धास्ती पैशाची होतीच, पण आपल्यापायी पेरणी राहील याची त्याहून जास्त होती.

मग दिवस मोजले. शनिवार-रविवार शेक नसतो, त्यामुळे पंधरा शेकांना तीन आठवडे लागतात. पण मुक्काम पहिल्या शेकापासून धरून चालत नाही. आधी प्लॅनिंगचा सीटी स्कॅन होतो, अंगावर खुणा करतात, डॉक्टरांचं नियोजन पूर्ण होऊन मशीनवर नंबर लागेपर्यंत आणखी दिवस जातात. मध्येच सुट्टी येते, कधी मशीन बंद पडतं. आम्ही 35 दिवस धरले.

शेक नेमका कुठे मिळणार हेही पक्कं करायचं असतं. टाटा मेमोरियल या कॅन्सर रुग्णालयाचे काही रुग्ण परळला जातात, काहींना खारघरच्या केंद्रात पाठवतात. दादरला खोली घेऊन बसलात आणि नंबर खारघरला लागला, तर रोज कुर्ल्याला गाडी बदलून हार्बरचा प्रवास. आणि त्याच्याही आधी डॉक्टरांना एक विचारायचं: हाच शेक छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात घेता येईल का? ज्यांना ते जमतं त्यांचा हा सगळा खटाटोपच वाचतो. काकूंच्या बाबतीत डॉक्टरांनी परळच सांगितलं.

राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही नावं आम्ही पहिल्यांदा सांगतो. पेशंट लहान मूल असेल तर सेंट ज्यूड. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाचं पत्र, फाईल, दोघांची आधार कार्डं एवढं घेऊन जायचं. त्याच दिवशी जागा मिळेल असं मात्र धरू नये, यादी असते. यादीत पुढे सरकवतो म्हणून गेटवर पैसे मागणारा भेटला तर त्याला एक रुपयाही द्यायचा नाही. काकूंना पहिले सहा दिवस लॉजची लहान खोली घ्यावी लागली.

खोली बघताना लोक पंखा, टीव्ही बघतात. मी संडास-बाथरूम बघायला सांगते. शेकाची जागा कोरडी, स्वच्छ राहावी लागते. कातडी लाल होते, काखेत सोलवटते. शिवाय थकवा साठत जातो. पहिल्या आठवड्यात दादरहून बसने येणारी बाई तिसऱ्या आठवड्यात जिना चढताना दोनदा थांबते. म्हणून टॅक्सीचे पैसे सुरुवातीला उडवू नयेत, शेवटच्या आठवड्यासाठी राखावेत. परळला रिक्षा चालत नाही, टॅक्सीच करावी लागते. जुलैत परळजवळ हिंदमाताला पाणी भरतं तेव्हा तीही मिळत नाही. त्या दिवसांत मुक्कामावरून लवकर निघायचं.

काकूंचा हिशेब असा झाला: लॉजचे 6,000, धर्मशाळेचे 29 दिवसांचे, दोघींचे मिळून दिवसाला 150 प्रमाणे 4,350, जेवणाचे 7,000, कारण दुपारचं जेवण एका संस्थेकडून मिळत होतं, बसचे 800, शेवटच्या आठवड्याच्या टॅक्सीचे 600, मलम-औषधांचे 2,000, आणि अडीअडचणीसाठी हात न लावता ठेवायचे 5,000. एकूण 25,750. दर वर्षागणिक बदलतात, पण आकडा कसा काढायचा ते यावरून कळेल.

रेल्वेची सवलत पुष्कळांना माहीतच नसते. डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म भरला की कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण सूट मिळते, सोबतच्या एकाला 75 टक्के. मुलाने फॉर्मचा फोटो काढून घेतला आणि सावकाराला तिथूनच फोन लावला.

शेक संपल्यावर तपासणीच्या तारखा पडल्या तेव्हा त्याने पुन्हा खोलीचं विचारलं. म्हटलं, एका दिवसाच्या कामाला खोली कशाला? रात्री देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसायचं, सकाळी दादरला उतरायचं, तपासणी उरकून रात्रीच्या देवगिरीने परत. तपासणीच्या प्रवासालाही तीच सवलत चालते. फक्त फॉर्म दर वेळी नवा भरून घ्यायचा, आणि परतीचं तिकीट आधीच काढून ठेवायचं.