अमेरिकेतल्या कॉलेज रेडिओने स्वतंत्र बँड खरंच मोठे केले का?

तुम्ही विचारलंय की कॉलेज रेडिओच्या, म्हणजे कॉलेजातली पोरंच चालवतात त्या स्टेशनांच्या, डीजेंनी अमेरिकेत छोटे बँड मोठे केले हे खरं की दंतकथा, आणि तुमच्या मराठी बँडची गाणी आज तिथे पाठवण्यात काही अर्थ आहे का. दुसऱ्या प्रश्नाकडे शेवटी येतो, कारण त्याचं उत्तर पहिल्यात दडलंय.

खरं आहे. पण कॉलेजातल्या पोरांना संगीताची फार समज होती म्हणून हे घडलं असं कुणी सांगितलं, तर मान डोलवू नका. एम.एस. करताना मी तिथल्या एका विद्यापीठाच्या रेडिओवर मध्यरात्रीनंतरचा स्लॉट करायचो. आमच्यातल्या निम्म्या लोकांची आवड दिव्य होती, आणि त्यात मीही आलो. घडलं ते यामुळे की तिथे काय वाजतंय त्यावर कुणाचाच पगार अवलंबून नव्हता.

तिकडे एफएम पट्ट्याचा खालचा भाग, साधारण ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ, शैक्षणिक आणि बिगरव्यापारी स्टेशनांसाठी राखीव आहे. तिथे जाहिराती चालत नाहीत. १९४८ पासून तर अवघ्या १० वॉटचेही परवाने मिळायला लागले, म्हणजे ट्रान्समीटर कॉलेजच्या बजेटात बसणारा आणि आवाज फार तर शेजारच्या गावापर्यंत. व्यापारी स्टेशनचं गणित उलटं. अनोळखी गाणं लागलं की श्रोता बटण फिरवतो, श्रोते घटले की जाहिरातीचा दर पडतो, म्हणून प्लेलिस्ट आखूड आणि तीच ती गाणी पुन्हा पुन्हा. शिवाय गाणं तिथे पोचवायला रेकॉर्ड कंपन्या मधल्या दलालांना भरपूर पैसे मोजत. छोट्या लेबलाकडे, म्हणजे छोट्या रेकॉर्ड कंपनीकडे, ते कुठून येणार? त्याला उरलं एकच दार: रात्री दोन वाजता फुकट बसलेला एकोणीस वर्षांचा पोरगा.

नेहमी सांगितलं जाणारं उदाहरण म्हणजे जॉर्जियातल्या अथेन्स या कॉलेजगावचा रॉक बँड आर.ई.एम. १९८१ मध्ये त्यांची पहिली सिंगल (एकदोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड) एका चिमुकल्या लेबलवर आली. व्यापारी रेडिओने विचारलंही नाही. मग ते व्हॅन घेऊन कॉलेजगावं पालथी घालत राहिले, आणि प्रत्येक गावात आधी स्थानिक कॉलेज स्टेशनवर गाणं वाजलेलं असायचं. इथे डीजेचं खरं काम लक्षात घ्या. नुसतं गाणं लावणं नाही, तर संपल्यावर माइकवर सांगणं की हे कोण होते, रेकॉर्ड कुठल्या दुकानात मिळेल, आणि शुक्रवारी ते कुठे वाजवणार आहेत. हॉलमध्ये साठ माणसं जमायची ती या वाक्यामुळे. साठ माणसांच्या तिकिटांत पेट्रोल सुटायचं आणि व्हॅन पुढच्या गावाला निघायची. अशी काही वर्षं काढून १९८८ मध्ये त्यांनी वॉर्नर ब्रदर्स या बड्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला.

मला स्वतःला मात्र वॉशिंग्टन राज्याची गोष्ट जास्त आवडते, कारण तिथे आवडीनिवडीवर न सोडता चक्क नियम केला होता. ऑलिंपियातल्या एव्हरग्रीन स्टेट कॉलेजच्या केएओएस स्टेशनने सत्तरच्या दशकात धोरण ठरवलं की वाजणाऱ्या संगीतातलं ८० टक्के स्वतंत्र लेबलांचं हवं. कोटा म्हटलं की आपल्याकडे लगेच भुवया उंचावतात, पण या कोट्याने डीजेंना शोधायला लावलं. देशभरातून कॅसेट आणि रेकॉर्ड मागवावे लागायचे. ब्रूस पॅव्हिट नावाचा विद्यार्थी तिथे असा कार्यक्रम करायचा आणि त्याच विषयावर हाताने बनवलेलं मासिकही काढायचा. पुढे तो सिएटलला गेला. तिथल्या विद्यापीठाच्या केसीएमयू स्टेशनवर जोनाथन पोनमन स्थानिक बँड वाजवत असे. या दोघांनी मिळून सब पॉप लेबल उभं केलं आणि १९८८ मध्ये त्याच लेबलवर पुढे जगभर गाजलेल्या निर्वाणा या बँडची पहिली सिंगल आली. सिएटलच्याच साउंडगार्डन बँडचा गिटारवादक किम थायिल आणि मडहनी बँडचा गायक मार्क आर्म हेही केसीएमयूवर डीजे होते. म्हणजे बँड, लेबल आणि रेडिओ अशी तीन वेगळी खाती नव्हतीच. तीच दहावीस माणसं टोप्या बदलत होती. (थायिलचे आईवडील मूळचे केरळचे. भारतीय पालकांच्या मुलांनी काय काय केलंय याच्या यादीत हे नाव सहसा नसतं.)

या कहाणीत एक गोष्ट हमखास गाळली जाते. 'कॉलेज रॉक' म्हटलं की गिटार घेतलेली गोरी पोरं डोळ्यांसमोर येतात. पण पब्लिक एनिमी या रॅप गटाची सुरुवात लाँग आयलंडवरच्या अडेल्फी विद्यापीठाच्या डब्ल्यूबीएयू स्टेशनवरून झाली. त्यांचा रॅपर चक डी याने त्या स्टेशनच्या प्रचारासाठी केलेला ट्रॅक डेफ जॅम लेबलच्या रिक रुबिनच्या कानावर पडला आणि रुबिन चक डीच्या मागेच लागला. आणि कोलंबिया विद्यापीठाच्या डब्ल्यूकेसीआरवर १९९० ते १९९८ गुरुवारी मध्यरात्री एक ते पहाटे पाच स्ट्रेच आर्मस्ट्राँग आणि बॉबिटो या डीजेंचा रॅपचा कार्यक्रम चालायचा. नास, नोटोरियस बी.आय.जी., जे-झी हे सगळे पुढे नावाजलेले रॅपर आपला पहिला अल्बम यायच्या आधी तिथे वाजलेत. लोक रात्रभर कॅसेटवर रेकॉर्ड करायचे, त्या कॅसेटच्या कॉप्या निघायच्या, तुरुंगातसुद्धा पोचायच्या. माझ्या मते आर.ई.एम.पेक्षाही हे मोठं काम, कारण न्यूयॉर्कसारख्या शहरात व्यापारी रॅप रेडिओ असूनही नवीन माणूस आधी इथेच ऐकू आला.

आतून हे कसं चालायचं? नव्या रेकॉर्डच्या कव्हरवर एक पांढरा कागद चिकटवलेला असायचा. ज्याने आधी ऐकलं तो त्यावर लिहायचा: 'दुसरं आणि पाचवं ऐका, बाकी झोप येते.' खाली दुसरा डीजे त्याला मूर्खात काढायचा, तिसरा दोघांना. शिव्या असलेल्या गाण्यावर लाल फुली, कारण सकाळी सहा ते रात्री दहा असं काही वाजलं तर एफसीसी, म्हणजे तिथली सरकारी प्रसारण-नियंत्रण संस्था, स्टेशनला दंड लावू शकते. शेल्फावरच्या जुन्या रेकॉर्डवर माझ्या जन्माच्या आधीचे वाद होते. माझी खरी शिकवणी त्या कागदांवर झाली.

सगळं सोवळं होतं असंही नाही. १९७८ मध्ये सीएमजे नावाचं नियतकालिक निघालं, ते कॉलेज स्टेशनांचे आकडे गोळा करून चार्ट छापायचं. चार्ट आला की त्यात वर चढवणारेही आले. मोठ्या कंपन्यांनी कॉलेज रेडिओसाठी वेगळी माणसं नेमली, फुकट तिकिटं, टी-शर्ट, गोड फोन. जानेवारी १९९२ मध्ये निर्वाणाच्या अल्बमने अमेरिकेच्या मुख्य अल्बम-चार्टवर मायकल जॅक्सनला पहिल्या क्रमांकावरून खाली आणलं, त्यानंतर तर रीघच लागली.

आणि मग ज्या राखीव परवान्याने स्वातंत्र्य दिलं होतं तोच उलटला. पट्ट्यातल्या जागा भरत गेल्या, तशी त्या परवान्यांना किंमत आली. विद्यापीठांच्या लेखा विभागाला अचानक कळलं की तळघरात पोरं जे खेळणं खेळतायत ते लाखो डॉलरचं आहे. २०११ मध्ये राइस विद्यापीठाने आपलं केटीआरयू ९५ लाख डॉलरला ह्यूस्टन विद्यापीठाला दिलं. त्याच वर्षी जानेवारीत सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या केयूएसएफचं एफएम प्रक्षेपण एकाएकी बंद झालं, सौदा ३७.५ लाखांचा. दोन्ही ठिकाणी त्या जागी शास्त्रीय संगीत आलं. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताशी माझं वैर नाही, पण ऐंशी वर्षांची देणगीदार मंडळी कुठल्या संगीतासाठी चेक फाडतात हे उघड आहे. केटीआरयू २०१५ मध्ये कमी क्षमतेच्या परवान्यावर परत आलं. केसीएमयूचं केईएक्सपी झालं, ते आज युट्यूबमुळे तुम्हालाही ठाऊक असेल.

आपल्याकडे असं का झालं नाही? पुणे विद्यापीठाचं विद्यावाणी आहे, मुंबई विद्यापीठाचं मस्ट रेडिओ आहे. पण आपले परवाने शिक्षण आणि समाजविकासाच्या चौकटीत दिलेले आहेत. रात्री तीनला पोरांच्या हाती किल्ली देऊन जा, ही कल्पनाच त्यात नाही. खासगी एफएम लिलावातून आलं. लिलावात मोजलेले पैसे वसूल करायचे तर सिनेमाचीच गाणी वाजणार.

आता तुमच्या बँडचं. पाठवा, पण उगाच शंभर ठिकाणी ईमेल टाकू नका. स्टेशनचं वेळापत्रक बघा, तुमच्या जातकुळीचं संगीत लावणारा एखादा डीजे शोधा आणि त्याला नावानिशी लिहा. हे लोक स्वयंसेवक आहेत, उत्तर द्यायला महिना लागू शकतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाठवू नका, कॅम्पस रिकामा असतो, सप्टेंबरमध्ये पाठवा. दोनच गाणी निवडा. आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही: शब्दांचा इंग्रजी अनुवाद जोडा आणि 'शिव्या नाहीत' असं स्पष्ट लिहा. डीजेला मराठी कळत नाही. गाण्यात काय म्हटलंय याची खात्री नसेल तर तो दंडाच्या भीतीने रात्री दहाच्या आत ते लावायचाच नाही. शिवी असेल तर तेही लिहा, मग तो खुशाल रात्री दोनला लावेल.

ऐकणारे किती हे विचारू नका, स्टेशनलाही माहीत नसतं. एखादा तिथे शिकणारा मराठी पोरगा फोन करेल, किंवा कुणीच करणार नाही. पण गाणं संपल्यावर तुमच्या बँडचं नाव आणि गाव चुकीच्या उच्चारात का होईना माइकवर घेतलं जाईल, एवढं नक्की. उच्चार देवनागरीत नको, रोमन लिपीत लिहून पाठवा.