२० मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), २० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव) असलेल्या घरगुती वाफेच्या इंजिनाला बॉयलर केवढा लागेल?

किती लिटरचा बॉयलर, हा प्रश्न नंतरचा. आधी इंजिन मिनिटाला किती वाफ खातं ते काढा.

तुमच्या सिलिंडरचं आकारमान साधारण ६.३ घन सेंमी. वाफ दोन्ही बाजूंनी येत असेल तर एका फेऱ्यात १२.६. ५०० आरपीएम (मिनिटाला ५०० फेरे) धरले की मिनिटाला ६.३ लिटर वाफ. २ बार गेज दाबाला (बाहेरच्या हवेपेक्षा २ बार जास्त) एवढ्या वाफेचं वजन जेमतेम १० ग्रॅम भरतं. पण लहान सिलिंडर गार असतो, बरीच वाफ आतच पाणी होऊन जाते, थोडी गळते. म्हणून सरळ दुप्पट धरा: मिनिटाला २० ग्रॅम.

एवढं पाणी उकळायला जवळपास ९०० वॅट उष्णता पाण्यात शिरायला हवी. निम्मी धुराड्यातून जाते, म्हणजे बर्नर पावणेदोन-दोन किलोवॅटचा घ्या. ज्योत लागणारा पृष्ठभाग ८०० चौ. सेंमीच्या आसपास हवा. नुसत्या डब्याच्या बुडाने तो मिळत नाही, आडव्या-उभ्या नळ्या घालाव्याच लागतात. इथेच बहुतेकांचं इंजिन धापा टाकतं.

२० मिनिटं चालवायचं तर ४०० मिली पाणी जाईल, वर नळ्या बुडालेल्या राहतील एवढं शिल्लक हवं.

पत्रा तांब्याचाच, पितळ नको. सांधे सिल्व्हर ब्रेझिंगचे (चांदी मिसळलेल्या धातूने जोडलेले), साधं कथलाचं सोल्डर अजिबात नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह (दाब वाढला की वाफ सोडणारी झडप) बसवा आणि पहिल्यांदा आग लावण्याआधी गार पाण्याने पूर्ण भरून, हवा काढून, ४ बारला हातपंपाने तपासा.