प्लोटिनसचं 'एनिअड्स' पहिल्या पानापासून वाचतोय, पण काहीच कळत नाही. कुठून सुरुवात करावी?

पहिल्या पानापासून वाचताय, गडबड तिथेच आहे. छापील क्रम प्लोटिनस या ग्रीक तत्त्वज्ञाने स्वतः लावलेला नव्हेच. इ.स. २७० मध्ये तो वारल्यावर शिष्य पॉर्फिरीने त्याचे प्रबंध विषयवार लावून नऊ-नऊचे सहा गट केले. सहा गुणिले नऊ जमल्याचा आनंदही त्याने नोंदवून ठेवलाय. त्या हौसेपायी सलग लेखन मात्र तुटलं. तुमच्या पुस्तकातला पहिला प्रबंध (१.१, म्हणजे पहिल्या गटातला पहिला) लिहिण्याच्या क्रमाने ५३वा आहे. आधीचं सगळं वाचकाला ठाऊक आहे असं धरून लिहिलेला.

सुरुवात १.६ ने करा. सौंदर्यावरचा हा प्रबंध कालक्रमाने पहिला, नऊच प्रकरणांचा. सौंदर्य म्हणजे अवयवांची प्रमाणबद्धता असेल, तर ज्याला अवयवच नाहीत तो प्रकाश सुंदर कसा, असा तो विचारतो आणि तिथून वर चढत जातो. त्याआधी प्लेटोच्या 'सिम्पोझियम'मधलं डायोटिमाचं भाषण वाचलंत तर निम्मं काम झालं. पुढे ४.८, ६.९, मग ५.१. जीव, त्याच्यावर बुद्धी, बुद्धीच्याही पलीकडे 'एक', ही चढण ५.१ मध्ये सगळ्यात स्वच्छ दिसते.

इथे मराठी वाचक हटकून अडखळतो, कारण डोक्यात वेदान्त असतो. कठोपनिषदात आत्मा बुद्धीच्या वर आहे. प्लोटिनसकडे बुद्धी वर, जीव खाली. जगालाही तो मिथ्या म्हणत नाही. जग वाईट आहे म्हणणाऱ्या नॉस्टिक पंथीयांवर तर तो २.९ मध्ये चांगलाच उखडलाय. हा २.९ सुटा वाचू नका. ३.८, ५.८, ५.५, २.९ हे मुळात एकच सलग लेखन. याच क्रमाने घ्या. ६.१ ते ६.३ तूर्त सोडा, अॅरिस्टॉटलच्या 'कॅटेगरीज'शिवाय ते डोक्यावरून जातात.

वाचताना पेन्सिल हवीच. प्लोटिनस शंका मांडतो आणि न सांगता उत्तराकडे वळतो, त्यामुळे प्रतिपक्षाचं वाक्य त्याचंच मत वाटतं. शंका कुठे संपली तिथे समासात खूण करा. दृष्टी अधू असल्याने तो लिहिलेलं पुन्हा वाचत नसे. वाक्यं तुटक आहेत ती त्यामुळेही.

इंग्रजीत आर्मस्ट्राँगच्या अनुवादाचे सात खंड घ्या, समोरच्या पानावर मूळ ग्रीक आहे. मॅकेनाच्या अनुवादाची भाषा झोकदार, पण युक्तिवाद तपासायला सैल पडते. कालक्रमाची यादी पॉर्फिरीने लिहिलेल्या चरित्रात, प्रकरण ४ ते ६ मध्ये मिळेल. ते चरित्र बहुधा तुमच्याच प्रतीत सुरुवातीला असेल.