वजन सारखंच, मग शुगर यांनाच का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आम्ही देवगडचे. माझं वय ४६, यांचं ५०, दोघांचंही वजन ७८ किलो, आणि उंचीने मी कमी म्हणजे खरं तर जाड मीच. जेवण एकाच टोपातलं, भात, बांगड्याचं तिखलं, सोलकढी. पण शुगर यांची वाढली, सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी निघाली, माझे रिपोर्ट सगळे नॉर्मल. सासूबाई म्हणतात, "तुझा वजन जास्ती नि दुखणा माझ्या झिलाक कसा?" मी निर्धास्त राहू का?

उत्तर: ताई, सासूबाईंनी अगदी मुद्द्याचं विचारलंय. काट्यावर नुसते किलो दिसतात, चरबी कुठे बसलीय ते दिसत नाही. पाळी चालू असेपर्यंत बायकांची चरबी जास्त करून मांड्यांवर, नितंबांवर, कातडीखाली साठते, यात इस्ट्रोजेन या बायकी हार्मोनचा मोठा हात. पुरुषांची पोटाच्या आत, आतड्यांभोवती, आणि तिथलं रक्त थेट लिव्हरला जातं म्हणून पहिला मार लिव्हरलाच.

आता तुमच्याकडच्या भाताच्या मुड्या, म्हणजे पेंढ्यात बांधलेले भाताचे गठ्ठे, आठवा. पीक जास्त आलं की आपण नवीन मुडी बांधतो, जुन्याच मुडीत कोंबत नाही. मांडीवरच्या चरबीत साधारण तसंच होतं, नवीन छोट्या पेशी तयार होतात. पोटात मात्र आहे त्याच पेशी फुगत जातात, मग त्यांना ऑक्सिजन पुरत नाही, काही मरतात, ती घाण उपसायला पांढऱ्या पेशी जमतात आणि आतल्या आत सूज धुमसत राहते, साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनचं कोणी ऐकत नाही म्हणून शुगर वाढते, चरबी गळून लिव्हरमधे जाऊन बसते. (यातलं बरंच आधी उंदरांवर दिसलं, त्यातही नरांमधे जास्त.)

पण निर्धास्त? नाही हो ताई, हे मला कळकळीने सांगायचंय. पाळी जायच्या सुमारास हे संरक्षण ओसरतं, चरबी पोटाकडे सरकते, आणि बाईला एकदा डायबेटिस झाला की हार्टच्या बाबतीत पुरुषांपेक्षा असलेला तिचा फायदाही बराचसा जातो. ब्लाउज शिवायची टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. आपल्याकडे बाईला ८० सेंटीमीटर, पुरुषाला ९०, त्यापुढे धोका.

यांचं चार-पाच किलो जरी उतरलं तरी लिव्हरमधली चरबी कमी व्हायला लागते, औषध मात्र तिथल्या डॉक्टरांना विचारूनच. दोघांची मापं कळवा, आणि तुमची पाळी मागेपुढे व्हायला लागली असेल तर तेही लिहा.