३ एप्रिलचा ४ मार्च कसा झाला?

प्रश्न : सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली माहिती) पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये कॉपी कमांडने भरली. ०३/०४/२०२४ ही ३ एप्रिलची तारीख ४ मार्च म्हणून पडली. दुसरी फाइल १३/०४/२०२४ पाशी एरर देऊन थांबली. असं का?

उत्तर : डेटस्टाइल ही तारखेतल्या आकड्यांचा क्रम ठरवणारी सेटिंग. ती एमडीवाय (महिना-दिवस-वर्ष) असली की पहिला आकडा महिना धरला जातो. तेरावा महिना नाही, म्हणून दुसरी फाइल अडली आणि ते बरंच झालं. घातक ती मुकाट्याने आत गेलेली पहिली. तिच्या ओळी काढून टाका, त्याच सेशनमध्ये (डेटाबेसशी केलेल्या त्याच जोडणीत) आधी डेटस्टाइल 'आयएसओ, डीएमवाय' (दिवस-महिना-वर्ष) सेट करा, मगच कॉपी चालवा. वेळेपुढे +०२:०० असा ऑफसेट (यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेपासूनचा फरक) असेल तर कॉलम टाइमस्टॅम्प विथ टाइम झोनच हवा. साध्या टाइमस्टॅम्पमध्ये ऑफसेट एरर न देताच गळतो.