पाढे येतात, तरी रोज का म्हणायचे?

प्रिय चिऊ,

तुझा प्रश्न असा होता: बारापर्यंतचे पाढे मला पाठ आहेत, शाळेत कॅल्क्युलेटर चालतो, वर्गात कुणाच्याही घरी असलं काही नसतं, मग शुभंकरोति झाल्यावर रोज पाढे कशाला? आणि हे फक्त मराठी लोकच करतात का?

‘आपल्याकडे असंच असतं’ असं म्हणून मोकळा झालो असतो, पण लहानपणी मला हे उत्तर कधी पटलं नाही. शिवाय आजकाल तू १४ नंबरची निळी जर्सी धुवायलाही देत नाहीस, तेव्हा आधी त्या जर्सीवाल्याबद्दलच लिहितो.

तो म्हणजे डेट्रॉईट लायन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा अमॉन-रा सेंट ब्राउन. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, तो चौथ्या फेरीपर्यंत बसून राहिला. तो ११२ वा निवडला गेला. त्याच्या आधी १६ रिसिव्हर, म्हणजे त्याच्यासारखे फेकलेला चेंडू झेलणारे खेळाडू, घेतले गेले होते, त्यांत आपल्या अ‍ॅन आर्बरच्या मैदानावर खेळलेला निको कॉलिन्सही होता. ती सोळाही नावं अमॉन-राला क्रमाने पाठ आहेत, कोण कुठल्या कॉलेजचा यासकट. आजी म्हणेल, एवढा राग बरा नव्हे. मला मात्र त्यात रागापेक्षा पाठांतरच जास्त दिसतं.

पहिल्या मोसमात लायन्सची दशा काय होती, ते तुला आठवणार नाही. ११ सामने झाले, एकही जिंकला नव्हता, एक तेवढा बरोबरीत सुटला होता. ५ डिसेंबर २०२१ ला घरच्या मैदानावर, फोर्ड फील्डवर, मिनेसोटाविरुद्ध शेवटचा चेंडू उरला, तो चेंडू फेकणाऱ्या जॅरेड गॉफने याच्याकडे फेकला आणि लायन्स २९-२७ ने जिंकले. एनएफएलमधला, म्हणजे व्यावसायिक लीगमधला, त्याचा तो पहिला टचडाऊन (चेंडू समोरच्या संघाच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की होतो तो). त्या मोसमात त्याने ९० झेल घेतले, २०२३ मध्ये ११९ झेल आणि त्यांवर १५१५ यार्डांची मजल. २०२४ च्या एप्रिलमध्ये क्लबने त्याच्याशी चार वर्षांचा, १२ कोटी डॉलरचा करार केला. पैशाचं एवढंच पुरे.

मला सांगायचंय ते पुढे. सराव संपला की तो जग्ज मशीनसमोर उभा राहतो. दोन फिरत्या चाकांमधून ते यंत्र चेंडू फेकत राहतं आणि हा झेलत राहतो. रोज २०२ चेंडू. २०० नाही, २०२! झेल घेता येत नाही म्हणून का तो हे करतो?

सामन्यात काय होतं ते बघ. रिसिव्हर ठरलेली पावलं टाकत धावतो, एका जागी वळतो, आणि पुष्कळदा तो वळायच्या आधीच गॉफच्या हातून चेंडू सुटलेला असतो. मागून कुणीतरी धडकणार, हेही ठाऊक असतं. त्या वेळी ‘बोटं कशी धरू’ असा विचार करत बसला तर संपलंच. बोटांचं काम बोटांनी परस्पर करायचं, म्हणजे डोकं बचाव करणाऱ्याकडे लक्ष द्यायला मोकळं राहतं.

जानेवारी २०२४ मध्ये रॅम्सविरुद्ध लायन्सनी ३२ वर्षांनी प्लेऑफचा, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीचा, सामना जिंकला, २४-२३. शेवटची दोन मिनिटं उरली असताना याने एक झेल घेतला, ११ यार्डांचा. टचडाऊन नाही, उडी नाही, एका हाताची कमाल नाही. पण त्यामुळे चेंडू लायन्सकडेच राहिला आणि घड्याळ संपलं. असला साधा झेल सुटला असता, तर सगळं शहर आजही तेच बोलत बसलं असतं.

आता आपला परवचा. दिवेलागणीला हातपाय धुऊन मुलं ओळीने बसायची आणि पाढे म्हणायची, तेही तीसपर्यंत. पुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड आणि अडीच यांचे पाढे. त्यामागे हिशेब होता. तुझे खापरपणजोबा वाईला कापडाच्या दुकानात कामाला होते. गिऱ्हाईक अडीच वार कापड मागायचं, भाव १४ रुपये वार, की यांच्या तोंडून ३५ निघायचे आणि नजर कात्रीवरच असायची. फक्त मराठी लोकांचंच म्हणशील तर तसं नाही. असे पाढे भारतात इतर भाषांतही होते. संध्याकाळच्या प्रार्थनेला ते जोडून घ्यायची सवय मात्र मी आपल्या घरांमध्येच पाहिली.

नुसत्या घोकंपट्टीवर माझा विश्वास नाही, हेही सांगून ठेवतो. तेरा सत्ते एक्क्याण्णव म्हणजे काय ते कळत नसेल, तर तो नुसता आवाज. पण तुला ते कळतं. पुढच्या वर्षी अपूर्णांकांची लांबलचक गणितं येतील, तेव्हा तेरा सत्ते किती यावर अडायला होऊ नये, एवढंच.

तू म्हणशील, त्याने २०२ स्वतः ठरवले, माझे पाढे तुम्ही ठरवता. खरं आहे. पण त्याच्या घरीही सुरुवात मोठ्यांनीच केली होती. वडील मिस्टर युनिव्हर्स झालेले, त्यांनी तिन्ही मुलांना लहानपणापासून व्यायामाला जुंपलं. आई जर्मन, ती मुलांशी जर्मनमध्येच बोलायची. (तुझी मराठीबद्दलची तक्रार दुसऱ्या पत्रासाठी राखून ठेवतो.)

तेव्हा असं करू. बारापर्यंतचे पाढे सोमवारपासून बंद, ते तुझे झाले. तेरा ते एकोणीस, रोज एकच, आणि कुठला ते तू ठरवायचं. शनिवारी लायन्सच्या मागच्या सामन्याचे यार्ड तोंडी मोजायचे, मी फोन बाजूला ठेवीन. दिडकी शिकायची असेल तर मी शिकवतो. साडेतीनचा पाढाही असतो, त्याला औटकी म्हणतात. तो मला येत नाही, आजीला विचार.

तुझा,
बाबा